तीन जास्तीची पानं आणि फर्म्याचा हिशोब

पुस्तक वाचणारा पानं मोजतो, छापणारा फर्मे मोजतो, म्हणजे एका तावावर एकत्र छापलेल्या पानांचे जुडगे. लेखक या दोघांच्या मधे उभा असतो आणि बऱ्याचदा त्याला हे कुणी वेळेवर सांगत नाही. कोल्हापुरात मी पुस्तकांच्या मांडणीचं आणि छपाईवर देखरेख ठेवण्याचं काम करते. इथे एकाच पुस्तकाची हकिगत सविस्तर मांडते आहे. त्या पुस्तकात फर्म्याचा प्रश्न दरपत्रकापासून शिलाईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर समोर आला, आणि ‘फर्मा’ म्हणजे काय हे समजून घ्यायला इतकं भरगच्च उदाहरण सहसा मिळत नाही.

पुस्तक होतं पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांचं. त्यांना इथे काका म्हणते. विषय कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. दगडी किंवा काँक्रीटचे खांब, त्यांना खाचा, पावसाळा सरला की त्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे, पाणी अडवायचं आणि पुढच्या पावसाआधी बरगे काढून नदी मोकळी करायची. पंचगंगेच्या खोऱ्यात काकांची सगळी नोकरी गेली. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर गेलं की धोका, हे आकडे शहरात शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पण बंधारा मुळात कसा उभा राहतो, बरगा वेळेत निघाला नाही तर काय होतं, हे मराठीत नीट लिहिलेलं फार थोडं. म्हणून हे पुस्तक चांगलंच निघावं अशी माझी मनापासून इच्छा होती. आकार डेमी एक अष्टमांश, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. प्रती १०००. कागद ७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) नॅचरल शेड, किंचित पिवळसर.

निम्मा दर

अक्षरजुळणी झाली तेव्हा मजकुराची १६३ पानं भरली. त्याआधीची सुरुवातीची पानं दहा: अर्धनाम (नुसतं पुस्तकाचं नाव असलेलं पान) आणि त्यामागचं कोरं पान, नामपृष्ठ, श्रेयपान, अर्पणपत्रिका आणि तिच्यामागचं कोरं पान, दोन पानी मनोगत, दोन पानी अनुक्रमणिका. एकूण १७३. एवढ्यावर काकांनी दोन छापखान्यांकडून दर मागवले आणि दोन्ही कागद घेऊन ते माझ्याकडे आले. एकाने लिहिलं होतं, अमुक दराने ११ फर्मे. दुसऱ्याने प्रति फर्मा जवळजवळ निम्मा दर लावला होता. काकांचा निर्णय झालेलाच होता. ‘‘ताई, हा दुसरा निम्म्यात देतोय. पहिल्याने मला काय समजलंय?’’

दुसऱ्या कागदावर फर्म्यांची संख्या दिलेली नव्हती. मी फोन करून विचारलं. उत्तर आलं: २२.

फर्मा म्हणजे एका वेळी छापून, घडी घालून एक जुडगा होणारा कागद. १८ बाय २३ इंचाचा एक ताव घ्या. त्याच्या एका बाजूला डेमी अष्टमांशाची आठ पानं बसतात, उलट बाजूला आठ. तीन घड्या घातल्या की त्याची आठ पत्रं, म्हणजे १६ पानांची चोपडी तयार होते. हा सोळा पेजी फर्मा. छापखान्याचं मशीन लहान असेल तर तो याच्या निम्मा ताव चालवतो. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार, आणि त्याच्या लेखी फर्मा आठ पानांचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर बोलतात. १७६ पानांचे सोळा पेजी फर्मे ११ होतात, आठ पेजी २२ होतात. दुसऱ्या छापखान्याचा प्रति फर्मा दर निम्म्याहून थोडा जास्तच होता, म्हणजे एकूण काम उलट महाग पडत होतं. शिवाय पहिल्याच्या दरात कागद धरलेला होता, दुसऱ्याच्या दरात नव्हता.

यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. पण दरपत्रकावर ‘प्रति फर्मा’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते अर्धवट आहे. फर्मा किती पेजी, कोणत्या आकाराचा, कागदासह की कागदाशिवाय, प्लेट (जिच्यावरून छपाई होते तो पत्रा) आणि घडी त्यात धरली आहे का, आणि कमीत कमी प्रती किती, एवढं लेखी आल्याशिवाय दोन दर शेजारी ठेवून काहीच कळत नाही. मी काकांना सांगितलं की दोघांनाही सोळा पेजी फर्म्यावर आणि एकूण पुस्तकावर नव्याने दर द्यायला सांगा. तसे दर आले तेव्हा पहिला छापखाना स्वस्त निघाला. उद्यमनगरातला हा छापखाना ज्यांचा, त्यांना सगळे अण्णा म्हणतात.

कागदाचा हिशोबही फर्म्यावरच चालतो आणि तो लेखकाला स्वतः करता येतो. छपाईचा कागद बाजारात २३ बाय ३६ इंचाच्या तावात, ५०० तावांच्या रिमात मिळतो. तो ताव मधे कापला की १८ बाय २३ चे दोन. म्हणजे एका रिमात १००० फर्मे. हजार प्रतींच्या पुस्तकाला दर फर्म्यामागे एक रीम, हे गणित पाठच करावं असं आहे. ७० जीएसएमच्या या आकाराच्या रिमाचं वजन साधारण १८.७ किलो भरतं. काकांच्या अकरा फर्म्यांना अकरा रिमं, म्हणजे दोनशे किलोंहून थोडा जास्त कागद, आणि वर मशीन लावताना वाया जाणाऱ्या तावांसाठी थोडा. काका अभियंता असल्यामुळे हे आकडे ऐकल्यावर त्यांचा चेहरा खुलला. पुढची सगळी बोलणी सोपी झाली ती यामुळेच.

फर्मा मोडला

मग प्रस्तावना आली. काकांच्या एका जुन्या वरिष्ठांनी सहा पानं लिहून पाठवली. मजकूर उत्तम होता, गाळावा असा नव्हता. पण १७३ अधिक सहा म्हणजे १७९. अकरा फर्म्यांत १७६ पानं मावतात. तीन पानं उरली.

अण्णांनी आकडा ऐकला आणि लगेच म्हणाले, ‘‘ताई, तीन पानांसाठी फर्मा मोडाय लागलाय. काकांना म्हणावं, तीन गाळा, न्हाईतर आणि पाच लिहा.’’

पाच कशाला, हे काकांना कळेना. पूर्ण फर्मा छापायचा नसेल तर अर्धा छापता येतो. तावाच्या एका बाजूला आठही पानं एकाच प्लेटवर लावायची, एक बाजू छापायची, ताव पालटून त्याच प्लेटने दुसरी बाजू छापायची आणि मधून कापायचं. एका तावातून आठ पानांच्या दोन प्रती निघतात. याला वर्क अँड टर्न म्हणतात. प्लेट एकच लागते, कागद अर्धा रीम. म्हणजे १७६ नंतरचा परवडणारा टप्पा १८४. तीन पानांच्या मजकुरासाठी आठ पानं छापायची तर पाच कोरी सुटतात, म्हणून अण्णांचे ‘आणि पाच’. चार पानांचा पाव फर्माही निघतो, पण दोन पत्रांचा तो तुकडा शिलाईत धड बसत नाही. तो बहुतेक वेळा चिकटवावा लागतो आणि पुस्तक दहा वेळा उघडलं की तिथूनच सुटतं. मी पाव फर्मा टाळते.

इथे बरेच जण एक सोपी वाट धरतात: अक्षर थोडं लहान करा, नाहीतर पानावर एक ओळ वाढवा. काकांच्या पुस्तकात पानाला २८ ओळी होत्या. २९ केल्या की दर २९ पानांमागे एक पान वाचतं, म्हणजे या पुस्तकात पाचेक पानं. गणित बिनचूक आहे. पण देवनागरीला ओळींमधली जागा रोमनपेक्षा जास्त लागते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि उभी जोडाक्षरं. वरच्या ओळीतला ‘द्धृ’ आणि खालच्या ओळीतला ‘र्की’ एकमेकांना भिडायला लागले की वाचणाऱ्याचं डोकं दुखतं, आणि का दुखतंय ते त्याला कळतही नाही. काकांचे वाचक म्हणजे शेतकरी, निवृत्त कर्मचारी, पाणी संस्थांचे पदाधिकारी, बरेचसे चष्मेवाले. कागद वाचवायला त्यांच्या डोळ्यांना त्रास देणं मला मान्य नव्हतं आणि मी ते करायला नकार दिला.

दुसरी जागा शोधली. पुस्तकात बारा प्रकरणं होती आणि प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू होत होतं. आधीचं प्रकरण उजव्याच पानावर संपलं की त्यामागचं डावं पान कोरं राहतं. अशी पाच कोरी पानं १६३ मधे होती. प्रकरण जिथे येईल तिथे, डावीकडे आलं तर डावीकडे, सुरू केलं की मजकूर १५८ पानांत बसत होता. काकांना हे आधी रुचलं नाही. त्यांच्या खात्यातले अहवाल उजव्या पानावर सुरू व्हायचे. मी त्यांना दोन्ही प्रकारची मांडणी छापून दिली, ते ती घरी घेऊन गेले, आणि मग तयार झाले.

१५८ म्हणजे दहा फर्म्यांना दोन कमी. ती दोन पानं कोरी सोडण्याऐवजी काकांनी बंधाऱ्याच्या कामातल्या शब्दांची सूची लिहिली: बरगा, खाच, सांडवा, पिचिंग, मोरी आणि असे कितीतरी. पुस्तकातली माझी सर्वांत आवडती पानं तीच. मजकूर १६० झाला, नेमके दहा फर्मे.

आणि सुरुवातीची पानं? दहा अधिक प्रस्तावनेची सहा, बरोबर १६. त्यांचा स्वतंत्र पहिला फर्मा झाला. मराठी पुस्तकांत सुरुवातीच्या पानांना ‘पाच’, ‘सहा’, ‘सात’ असे अक्षरी क्रमांक असतात आणि मजकुराला अंकी १ पासून, याचं व्यवहारातलं मोठं कारण हे आहे. प्रस्तावना उशिरा येते, अनुक्रमणिका शेवटी पक्की होते, श्रेयपानावर ऐन वेळी बदल होतात. ही पानं वेगळ्या फर्म्यात, वेगळ्या क्रमांकांनी ठेवली की त्यांच्यातली हालचाल मजकुराच्या फर्म्यांना धक्का लावत नाही. मजकुराचे दहा फर्मे छापायला गेले तेव्हा पहिला फर्मा अजून माझ्या टेबलावरच होता आणि कुणाचंच काही अडलं नव्हतं.

निळं पाणी

काकांच्या सहा आकृत्या होत्या आणि त्यांत पाणी निळं हवं होतं. हट्ट योग्य होता. खांब, बरगे, पाण्याची पातळी आणि गाळ हे सगळं काळ्या रेषांत दाखवलं की पाणी कुठे आणि दगड कुठे ते कळत नाही. पण अण्णांचं मशीन एकरंगी. प्रत्येक जादा रंगाला वेगळी प्लेट, रोलर धुऊन शाई बदलायची आणि ताव पुन्हा एकदा मशीनमधून काढायचे. प्रश्न पानांचा नव्हता, सहा आकृत्या तावांच्या किती बाजूंवर पडतात याचा होता.

हे समजायला फर्मा हातात घेऊन बघावा लागतो. मी काकांना एक कोरा ताव दिला, तीन घड्या घालायला लावल्या, न कापता पानांवर पेन्सिलीने १ ते १६ आकडे टाकायला सांगितले आणि ताव उलगडायला लावला. एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६. दुसऱ्या, म्हणजे आतल्या बाजूला २, ३, ६, ७, १०, ११, १४, १५. अर्धे आकडे उलटे, डोकी एकमेकांना लागलेली. तावावर ज्या दोन पानांचे मणके, म्हणजे शिवणीकडच्या कडा, एकमेकांना लागून आहेत त्यांची बेरीज दर वेळी १७: एक आणि सोळा, चार आणि तेरा, पाच आणि बारा, आठ आणि नऊ. उलट बाजूलाही तेच, दोन-पंधरा, तीन-चौदा, सहा-अकरा, सात-दहा. पहिल्या आणि शेवटच्या पानाची बेरीज जेवढी, तेवढीच प्रत्येक जोडीची. पुढच्या फर्म्यात १७ ते ३२, तिथे बेरीज ४९. पानं लावणारा माणूस चूक धरतो ती याच बेरजेवर. हल्ली हे काम सॉफ्टवेअर करतं, पण नियम तोच आहे. काका तो ताव बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिले.

त्या वेळच्या मांडणीत आकृत्या २९, ३४, ३७, ४२, ५८ आणि ९१ या पानांवर होत्या. मजकुराच्या दुसऱ्या फर्म्यात १७ ते ३२, तिसऱ्यात ३३ ते ४८, चौथ्यात ४९ ते ६४, सहाव्यात ८१ ते ९६. एकोणतीसची एक बाजू. ३४ आणि ४२ तिसऱ्या फर्म्याच्या एकाच बाजूवर, पण ३७ त्याच फर्म्याच्या उलट बाजूवर. अठ्ठावन्न वेगळं, एक्याण्णव वेगळं. एकूण पाच बाजू, म्हणजे पाच निळ्या प्लेटी आणि मशीनवर पाच जादा फेऱ्या.

बांधणीचं मुख्य प्रकरण तिसऱ्या फर्म्यातच होतं. त्या फर्म्याच्या आतल्या बाजूवर ३४, ३५, ३८, ३९, ४२, ४३, ४६, ४७ ही पानं येतात. २९ वरची आकृती ३५ वर आणली. ३४ वरच्या आकृतीसमोर ती उलट जास्त शोभली, कारण एकीत बरगे घातलेले आणि दुसरीत काढलेले. ३७ वरची आकृती एक पान पुढे, ३८ वर. ४२ जागच्या जागी. ५८ वरची ४७ वर आणली आणि ५८ वरच्या मजकुरात ‘आकृती पान ४७ वर पाहा’ असं लिहिलं. राहिली ९१ वरची, महापुरातली पाण्याची पातळी दाखवणारी. ती हलवायला काका काही केल्या तयार होईनात. २०१९ च्या पुराचं वर्णन त्याच पानावर होतं आणि वाचकाला तिथून मागे पाठवणं चुकीचं ठरलं असतं. मला ते पटलं. ती आकृती काळ्यातच ठेवली, पाण्याच्या जागी आडव्या बारीक रेषा मारून. पाच आकृत्या, एक बाजू, एक निळी प्लेट.

याचा आणखी एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. छपाई जुलैमधे होती. कोल्हापुरातला जुलै म्हणजे हवेत सतत ओल. कागद ओल ओढतो, कडा लहरतात आणि तावाचा आकार किंचित बदलतो. काळा रंग आज छापून निळा दोन दिवसांनी छापायला गेलं की निळं पाणी खांबाच्या रेषेबाहेर सरकलेलं दिसतं. अण्णांनी तो एकच फर्मा काळा छापून झाल्या झाल्या प्लॅस्टिकमधे गुंडाळून ठेवला, शाई धरताच दुसऱ्याच सकाळी निळा मारून घेतला. चार फर्म्यांच्या पाच बाजूंच्या बाबतीत ही धावपळ जमली नसती.

नकाशा, फोटो आणि शिलाई

पंचगंगेच्या खोऱ्याचा नकाशा दोन पानांवर आडवा हवा होता: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, प्रयाग चिखलीचा संगम आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णेत मिळेपर्यंतचा प्रवाह. दोन समोरासमोरची पानं कुठलीही घेतली तर चालत नाहीत. सोळा पेजी फर्म्यात समोरासमोरची आणि तावावरही अखंड असलेली जोडी एकच, आठवं आणि नववं पान. बाकी प्रत्येक जोडीत डावं पान तावाच्या एका जागी छापलेलं असतं आणि उजवं दुसऱ्याच जागी. घडीत केसभर फरक पडला की नदी शिवणीपाशी तुटते. मजकुरात या अखंड जोड्या ८–९, २४–२५, ४०–४१, ५६–५७, ७२–७३ अशा येतात. नकाशाचं प्रकरण सत्तरीच्या आसपास होतं, म्हणून नकाशा ७२–७३ वर बसवला. त्यासाठी आधीच्या प्रकरणातला एक परिच्छेद आणि एक तक्ता यांची जागा बदलावी लागली, एवढंच.

याच नकाशाने बांधणीचाही निर्णय केला. काकांच्या मनात परफेक्ट बायंडिंग होतं, कारण ते स्वस्त. पण त्यात फर्म्यांचा मणका घासून काढतात, घड्या नाहीशा होतात आणि सुटी पत्रं सरसावर उभी राहतात. म्हणजे फर्म्याच्या मध्यावर मुद्दाम नेऊन ठेवलेला नकाशाही मधोमध तीनेक मिलिमीटर खातो आणि प्रयाग चिखलीचा संगमच दिसेनासा होतो. फर्मा शिलाईत दोरा नेमका त्या मधल्या जोडीतून जातो, घडी शाबूत राहते, पान पूर्ण उघडतं. शिलाईला पैसे जास्त लागले. सूचीची दोन पानं वगळता या पुस्तकासाठी केलेला सर्वांत योग्य खर्च मला तोच वाटतो. आणि इथेच आठ पेजी फर्म्याचा दुसरा तोटा ध्यानात येतो: बावीस जुडगे शिवायचे म्हणजे मणक्यात जवळपास दुप्पट दोरा, आणि पुस्तक पाठीकडे फुगतं.

फोटोंची आठ पानं आर्ट पेपरवर वेगळी छापून घेतली. काकांना ती पान ९० समोर हवी होती. वेगळ्या कागदाचा जुडगा शिवायचा तर तो फर्म्याच्या नेमक्या मधल्या जोडीत, नाहीतर दोन फर्म्यांच्या सांध्यात घालता येतो: १६ नंतर, ३२ नंतर, ४८, ६४, ८०, ९६ नंतर. फर्म्यात इतर कुठे घालायचा तर एकेक पत्रं चिकटवावं लागतं. ९६ नंतर घातला, पुराचं प्रकरण संपतं तिथून थोडाच पुढे.

पायऱ्या

बांधणीसाठी काम मंगळवार पेठेतल्या एका बायंडरकडे गेलं. तिथे घडी घालणं, फर्मे एकावर एक घेऊन प्रती लावणं, हे सगळं बायका करतात. लांब टेबलावर क्रमाने फर्म्यांच्या थप्प्या, आणि हात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. हात चुकला की एका प्रतीत पाचवा फर्मा दोनदा आणि सहावा नाही, अशी प्रत तयार होते. वाचकाला ती घरी गेल्यावर सापडते.

ही चूक धरण्यासाठी प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पानांमधे, जिथे घडीचा मणका येतो तिथे, एक छोटी काळी पट्टी छापतात आणि दर फर्म्याला ती थोडी खाली सरकवतात. प्रत लावून झाली की पाठीवर या पट्ट्यांची उतरती पायरी दिसते. पायरी तुटली तर फर्मा राहिला, दोन पायऱ्या एका पातळीवर आल्या तर फर्मा दोनदा आला, पायरी वर चढली तर क्रम बदलला. जुन्या मराठी पुस्तकांत सतराव्या, तेहतिसाव्या पानाच्या तळाशी मजकुराशी संबंध नसलेला एक बारीक आकडा दिसतो, तो फर्म्याचा क्रमांक, याच कामासाठी. मी या पुस्तकात दोन्ही ठेवले, पट्टी मणक्यावर आणि आकडा तळाशी. हल्ली तळचा आकडा पान विद्रूप करतो म्हणून वगळतात. मला तो कधीच विद्रूप वाटला नाही.

तिथल्या मावशींनी एक गठ्ठा उभा धरून पाठ माझ्याकडे केली. पन्नासेक प्रतींच्या पाठीवरून काळी रेघ तिरकी उतरत गेली होती आणि मधेच तीन प्रतींमधे खाच पडलेली. ‘‘पायरी मोडली की हात थांबतोय बघा, वाचाय येऊ दे न्हाईतर न येऊ दे,’’ त्या म्हणाल्या. त्या तीन प्रतींत सातवा फर्मा नव्हता. शिलाईच्या आधी कळलं म्हणून दुरुस्ती दोन मिनिटांची. शिवून, कव्हर चढवून, कटिंग झाल्यावर कळलं असतं तर तीन पुस्तकं गेली असती.

यासाठीच छापताना उरलेले जास्तीचे फर्मे बांधणी पूर्ण होईपर्यंत रद्दीत घालू नका, असं मी अण्णांना आधीच सांगून ठेवलं होतं. फर्मा एकदा कमी पडला की त्या एका प्रतीसाठी पुन्हा मशीन लावता येत नाही.

पुनर्मुद्रण

पुस्तक खपलं. पाणी संस्थांनी घेतलं, खात्यातल्या नव्या अभियंत्यांनी घेतलं. पुनर्मुद्रणाच्या वेळी काकांनी दुरुस्त्यांचा कागद आणला. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की दुरुस्ती अशी करा, की त्या पानावरची ओळ पुढच्या पानावर ढकलली जाणार नाही. एक ओळ पुढे गेली की प्रकरणाच्या शेवटापर्यंत सगळी पानं हलतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे फर्मे.

काकांनी ते तंतोतंत पाळलं होतं. दुरुस्त्या श्रेयपानावर, पान ५३ वर, ११८ वर आणि १२१ वर. पान ११८ वर त्यांना एक वाक्य वाढवायचं होतं, तर त्यांनी त्याच परिच्छेदातलं तेवढ्याच लांबीचं दुसरं वाक्य स्वतःच काढलं होतं. प्रत्येक दुरुस्तीपुढे समासात पेन्सिलीने फर्म्याचा क्रमांक आणि तावाची बाजू लिहिलेली. ११८ आणि १२१ मजकुराच्या आठव्या फर्म्यातली, पण एक आतल्या बाजूवर आणि एक बाहेरच्या. अण्णांनी जुन्या प्लेटी डिंक लावून जपून ठेवल्या होत्या. अकरा फर्म्यांच्या बावीस आणि एक निळी अशा तेवीस प्लेटींपैकी चार नव्याने काढल्या, बाकीच्या पुसून तशाच मशीनवर चढल्या.